पावतीवरचा संशय

पुणे

चि. मुक्ता हिस,


घरभाड्याची पावती अँटिव्हायरसने अडवली म्हणून तू वैतागली आहेस. "ओळखीच्या एजंटचा ईमेल, त्यात कसला आलाय संशय?" असं विचारतेस. या संशयामागे एक जुनी कथा आहे.

४ मे २००० रोजी मनिलाहून निघालेला 'आय लव्ह यू' नावाचा ईमेल बघता बघता जगभर पसरला. सोबतच्या प्रेमपत्राच्या नावाअखेरीस 'डॉट टीएक्सटी डॉट व्हीबीएस' होतं. विंडोज फाइलच्या नावाचं शेवटचं शेपूट लपवत असे, त्यामुळे लोकांना दिसलं ते 'डॉट टीएक्सटी', म्हणजे साधा मजकूर. प्रत्यक्षात तो प्रोग्राम होता. उघडला की आउटलुकमधल्या सगळ्या पत्त्यांवर स्वतःच्या प्रती धाडायचा आणि घरच्या फोटोंच्या फाइलींवर स्वतःलाच लिहून टाकायचा. तुमच्या लंडनमध्ये हाउस ऑफ कॉमन्सनेही ईमेल बंद केले. लोक फसले, कारण पत्र ओळखीच्याच माणसाकडून येत होतं.

पकडलेल्या व्हायरसच्या खुणांशी फाइल ताडून पाहणं हे अँटिव्हायरसचं मूळ काम. पण नव्या व्हायरसची खूण यादीत येईपर्यंत तो मोकाट. म्हणून लक्षणांवरूनही संशय घ्यावा लागतो: दोन शेपटांचं नाव, वर्डच्या फाइलीतला मॅक्रो (छोटा प्रोग्राम), पासवर्ड लावलेली झिप. सूचनेत व्हायरसचं ठरावीक नाव असेल तर फाइल सरळ उडव. 'सस्पिशियस' किंवा 'ह्युरिस्टिक' लिहिलं असेल तर गुन्हा सिद्ध झालेला नाही, पण लक्षण ठीक नाही, एवढंच समज.

तू पाठवलेला स्क्रीनशॉट नीट पाहिला. पावती पासवर्डच्या झिपमध्ये आहे आणि पासवर्ड त्याच ईमेलमध्ये! अशा कुलपाने गुपित राखलं जात नाही. अँटिव्हायरसला आत डोकावता येत नाही, इतकंच होतं. एजंट भोळा असेल, किंवा त्याचं खातं दुसऱ्याच्या हाती गेलं असेल.

तेव्हा त्याला फोन कर. नंबर भाडेकरारावरचा घे, त्या ईमेलमधला नको. पावती साध्या पीडीएफमध्ये मागव. 'तुमच्या संगणकात व्हायरस आहे, इथे क्लिक करा' असे ईमेल आले तर तेही उघडू नकोस. आणि काहीही झालं तरी, पाच मिनिटांसाठीसुद्धा अँटिव्हायरस बंद करून ती फाइल उघडू नकोस.

तुझा,
विनूकाका