दोन वर्षांचा संसार

"किती दिवसांसाठी?" जर्मनीला जायचं ठरल्यापासून धारमधल्या आमच्या गल्लीत जो तो आधी हेच विचारतो. कुठे, कशाला, एकटीच का, हे सगळं मागाहून. दोन वर्षं म्हटलं की समोरच्याचा चेहरा सैल होतो. "मग काय, हां हां म्हणता जातील." पाठोपाठ सल्ले येतात आणि सगळ्यांचा सूर एकच असतो. फार काही मांडू नकोस. चार भांडी पुरेत. भाषेच्या भानगडीत पडू नकोस, कंपनीत इंग्रजीवर भागतं. कुणात फार जीव गुंतवू नकोस. काकू तर म्हणाली, "धर्मशाळेत उतरल्यासारखं राहायचं बघ."

या सल्ल्यांमागे माया आहे, हे मला कळतं. पण ते गळी उतरत नाहीत. परत यायचं ठरलेलं असलं म्हणून मधले दिवस अर्धवट जगायचे का? पीथमपूरच्या कारखान्यातून मला ज्या कामासाठी पाठवताहेत, ते तर कुणी मला अर्ध्या मनानं करू देणार नाही. मग राहणं तेवढं अर्ध्या मनानं कसं करायचं?

कागदपत्रांनी याचं उत्तर आपल्या परीनं देऊन टाकलं आहे. भारत आणि जर्मनी यांच्यात सामाजिक सुरक्षेचा करार आहे, तो 1 मे 2017पासून लागू झाला. इथल्या कंपनीनं ठरावीक मुदतीसाठी तिकडे पाठवलेल्या माणसानं भविष्य निर्वाह निधी कार्यालयाकडून तसा दाखला घेतला, तर त्याची वर्गणी इथेच चालू राहते, तिकडे पुन्हा भरावी लागत नाही. ही सवलत 48 महिन्यांपर्यंत. म्हणजे दोन सरकारांच्या हिशेबात चार वर्षांपर्यंत मी इथलीच. बँकेचं मत मात्र वेगळं. नोकरीसाठी देश सोडला की साधं बचत खातं तसंच ठेवता येत नाही, ते अनिवासी करून घ्यावं लागतं. एका खिडकीवर मी इथली, दुसरीवर तिथली. दोन्ही कागदांवर सही माझीच.

आम्ही माळव्यातली मराठी माणसं. मुदतीवर परगावी जाण्याबद्दल आमच्यासारख्यांनी तरी इतक्या सहज बोलू नये. आमचे पूर्वज इथे राहायला कुठे आले होते? दसऱ्याला सीमोल्लंघन करायचं, नर्मदा ओलांडायची, मुलूखगिरी करायची आणि पावसाच्या आत घर गाठायचं, असा तो शिरस्ता. धार आणि बाग यांच्यामधल्या टापूत अमझेरा आहे. तिथे 29 नोव्हेंबर 1728 रोजी चिमाजी अप्पांच्या फौजेनं माळव्याचा मोगल सुभेदार गिरधर बहादूर याला हरवलं. त्या लढाईला आलेल्या कुठल्या शिलेदारानं घरी सांगितलं असेल की मी कायमचा निघालो? बायकोला त्यानं आखाडाच्या आतलाच वायदा दिला असणार. पुढे फौजा पावसाळाही इथेच छावणी करून काढू लागल्या. छावणीभोवती बाजार आले, देवळं आली, पवारांच्या गाद्या धारला आणि देवासला बसल्या. तीनशे वर्षं होत आली. कुळाचाराला आम्ही अजून जेजुरी-तुळजापूर करतो आणि सकाळी पोह्यांबरोबर जिलबी खातो. मला या सरमिसळीचा अभिमान वाटतो. धर्मशाळेत उतरल्यासारखे राहिले असते, तर यातलं काहीच झालं नसतं.

उलट दिशेनं आलेला एक माणूस सध्या माझ्या डोक्यात घर करून बसला आहे. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर. 1921च्या मार्चमध्ये तो इंग्लंडहून निघाला आणि देवासच्या थोरल्या पातीचे महाराज तिसरे तुकोजीराव पवार यांचा खासगी सचिव म्हणून रुजू झाला. काम बदलीचं, मूळ सचिव रजेवर गेला होता म्हणून. मुदत सुमारे सहा महिन्यांची. त्याआधी पाहुणा म्हणून तो देवासला येऊन गेला होता. आता मात्र तो नोकर म्हणून आला. बागा, मोटारी, टेनिसची मैदानं, विजेचं घर अशी किरकोळ खाती त्याच्याकडे होती. वाडा अर्धवट बांधलेला, सामान जागोजागी पडून खराब होणारं. कुणाचाही जीव कावावा असा कारभार.

हिंदुस्थानावरच्या कादंबरीची सुरुवातीची प्रकरणं त्यानं बरोबर आणली होती. खरा देश समोर आल्यावर ती पानं त्याला निर्जीव वाटली आणि देवासमध्ये ती पुढे सरकलीच नाहीत. हे त्यानंच पुढे लिहून ठेवलं आहे. मला यात अपयश दिसत नाही. लिहिता हात थांबवून तो बघत राहिला. गोकुळाष्टमीचा उत्सव आला तेव्हा हा चाळिशी ओलांडलेला माणूस जुन्या वाड्यात गेला, बूट काढले, देशी कपडे चढवले आणि त्या गर्दीत, गोंगाटात, टाळांच्या आवाजात दिवसचे दिवस राहिला. त्यातलं पुष्कळसं त्याला समजत नव्हतं, काही आवडतही नव्हतं. तरी तो त्यातून उठून गेला नाही. 1924 साली 'अ पॅसेज टु इंडिया' प्रसिद्ध झाली. तिच्या शेवटच्या भागात गोकुळाष्टमी आहे आणि तिथे भजनी मंडळी तुकारामाला आळवतात. आपला तुकोबा इंग्रजी साहित्यातल्या एका मोठ्या कादंबरीत गेला, तो देवासच्या या बदली सचिवाचं बोट धरून. देवासची पत्रं त्यानं पुढे 1953मध्ये 'द हिल ऑफ देवी' या पुस्तकात छापली. नाव आमच्या चामुंडेच्या टेकडीवरून. सहा महिन्यांच्या नोकरीनं एखाद्या माणसाला बत्तीस वर्षं पुरावं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

गेल्या रविवारी मी बाग गावाला गेले होते. निमित्त बाग छपाईच्या पडद्यांचं. जर्मनीतल्या घरमालकाला मी खिडक्यांची मापं विचारली आणि त्यानं सेंटिमीटरसकट कळवली. मैत्रीण म्हणाली, भाड्याच्या घराला पडदे कुणी इथून नेतं का? मी नेणार आहे.

बाग छपाई करणारी खत्री मंडळीही इथली मूळची नाहीत. सिंधमधून मारवाड, मारवाडातून मनावर हे गाव आणि 1962च्या सुमारास पाण्यासाठी बाग, असा त्यांचा प्रवास. बाघिनी नदीच्या वाहत्या पाण्यात धुतलेल्या कापडाचा रंग वेगळा खुलतो, असं ते सांगतात. कारखान्यात एक म्हातारे चाचा टेबलापाशी उभे होते. कापडाची पूर्वतयारी आधीच झालेली, खार, एरंडेल आणि बकरीच्या लेंड्या यांच्या पाण्यात मुरवून, वाळवून, मग हिरड्याच्या पाण्यातून काढलेलं, म्हणून किंचित पिवळसर. लोखंडाच्या गंजाचा काळा रंग ठशातून उतरताच दिसत होता. तुरटी आणि चिंचोक्याची खळ लावलेला दुसरा ठसा मात्र कापडावर जेमतेम ओलसर डाग सोडून जायचा. चाचा मुठीनं ठशाच्या पाठीवर एक ठोका द्यायचे, उचलायचे, आधीच्या वेलीच्या टोकाला टोक भिडवून पुन्हा टेकवायचे. "लाल कहाँ है?" मी विचारलं. "भट्टी में आएगा, बेटा." छापल्यावर कापड काही दिवस तसंच ठेवायचं, मग नदीत धुवायचं, मग आलिझरिन आणि धावडीची फुलं घालून तांब्याच्या भांड्यात उकळायचं. तुरटी बसली असेल तिथेच लाल चढतो. नदी, ऊन आणि मुरण्याचे दिवस यांत कसलीही घाई चालत नाही. माझ्या विमानाची तारीख सांगितल्यावर त्यांनी बोटांवर मोजलं आणि हो म्हणाले.

बागच्या लेण्यांपर्यंतही जाऊन आले. वालुकाश्मात खोदलेले हे बौद्ध विहार दीड हजार वर्षांपूर्वीचे. फिरते भिक्षू पावसाळ्यात विहारात वास करत आणि पाऊस सरला की पुन्हा वाटेला लागत. महिष्मतीच्या सुबंधु राजाचा एक ताम्रपट इथे मिळाला आहे. विहाराची डागडुजी, पूजा आणि भिक्षूंचा निर्वाह यांसाठी त्यानं गाव लावून दिला होता. येऊन-जाऊन असणाऱ्या माणसांसाठी इतकी कायमची सोय! आणि या विहारांच्या भिंतींवर रंगवलेली चित्रं, नाच, वाद्यं, हत्तीघोड्यांवरून निघालेले स्वार. ग्वाल्हेर दरबाराच्या सांगण्यावरून 1921मध्ये नंदलाल बोस, असितकुमार हालदार आणि सुरेंद्रनाथ कर इथे येऊन त्यांच्या नकला करून गेले. पाणी झिरपून बरंच काही गेलं होतं. उरलं ते पुढे जपणुकीसाठी भिंतीवरून उतरवून घेतलं. त्या नकलांच्या छापील प्रतीत मला एक जागा फार जवळची वाटते. एक स्त्री हातानं तोंड झाकून बसली आहे आणि दुसरी तिच्याकडे वळून तिची समजूत काढते आहे. कशासाठी रडते, कुणालाच ठाऊक नाही. कुणी लांबच्या कामगिरीवर निघालं असेल, असं मी आपलं मनाशी धरून चालते. आईला ते चित्र दाखवायचं मात्र टाळलं.

आई खंबीर आहे. वडील गेल्यावर तिनं घर एकटीनं चालवलं. माझ्यामागे दादा-वहिनी इंदूरहून दर आठवड्याला येतील, रक्तदाबाच्या गोळ्यांचे डबे वारांप्रमाणे लावून ठेवले आहेत, गॅसचं पुस्तक आणि विजेचं बिल कुठे असतं ते वहिनीला दाखवून झालं. एकच गोष्ट तिच्या जिवाला लागली. साजूक तूप नेता येत नाही. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दूध-दुभत्याचं आणि मांसाचं काहीही सामानात आणायला मनाई आहे. बरणी कढवून तयार होती. ती तिनं मुकाट्यानं कपाटात ठेवली आणि गोडा मसाला भाजायला घेतला.

काल रात्री मसाला चाळता चाळता तिनं विचारलं, "खाली कोण राहतं? वर कोण? शेजार कसाय?" कुणीही न विचारलेला प्रश्न होता. मी घरमालकाला पुन्हा लिहिलं. खाली एक वृद्ध जोडपं, वर दोन लहान मुलांचं कुटुंब. आईनं लगेच हिशेब केला. म्हाताऱ्यांसाठी पातळ पोह्यांचा चिवडा, मुलांसाठी शेव. पण आपली रतलामी त्यांना झोंबेल, तेव्हा त्यांची बिनतिखटाची वेगळी पाडायची. बेसन संपलंय, ते आणायला मी आता बाजारात निघाले आहे.