तोरणातील कमान

विलायतेकडील विणकामाच्या नमुन्यांत शरदाचे रंग आणि गॉथिक घाट यांची मोठी चलती आहे. गंजाचा तांबडा, वाळल्या पानांचा पिंगट, आणि त्यांवर काळ्या लोकरीच्या टोकदार कमानी! असाच एका शालीचा नमुना आमच्या नातीने गेल्या आश्विनात आम्हांस दाखविला, तेव्हा आम्ही चमकलो. हीच कमान, पांढऱ्या सुतात विणलेली, आमच्या सुलतान बाजारातील घरी ट्रंकेच्या तळाशी साठ वर्षे घडी होऊन पडलेली होती.

आमच्या मातोश्री बारदेशच्या. साळगावचे १८७३ सालचे पांढरेशुभ्र चर्च त्यांच्या माहेरच्या वाटेवर. गोव्यातील जुन्या चर्चांहून त्याची घडण निराळी. कमानी टोकदार, वर अणकुचीदार कळस. लग्न होऊन त्या आल्या सुलतान बाजारात, जेथे जवळच रेसिडेन्सीचा वाडा आपल्या रोमन धाटणीच्या उंच खांबांवर उभा आहे. १९३३ साली निजामाकडे परत जाईपर्यंत हा सारा बाजार रेसिडेन्सीचाच म्हणून ओळखला जाई. त्या वाड्यात पुढे १९४९ पासून मुलींचे महाविद्यालय भरू लागले. मातोश्रींना मात्र तेथील खांबांपेक्षा माहेरची कमानच अधिक आठवत असावी.

क्रोशाच्या भाषेत उभ्या टाक्यास खांब म्हणतात, हे आमच्या भगिनींना सांगावयास नको. गंमत अशी की, गॉथिक शिखरांच्या कडांना आकडीसारखी वळलेली जी दगडी पाने असतात, त्यांचे इंग्रजी नाव क्रॉकेट. ते नाव आणि आपला क्रोशा हे दोन्ही शब्द 'लहान आकडी' या अर्थाच्या एकाच फ्रेंच शब्दातून निघाले आहेत. मातोश्रींना ही व्युत्पत्ती ठाऊक असणे शक्य नव्हते. तरी १९६२ च्या नवरात्रासाठी त्यांनी गाभाऱ्याच्या दाराचे जे तोरण विणले, त्यातील प्रत्येक कमानीच्या कडेने तीन तीन साखळ्यांची नाजूक पाने होती.

ते तोरण मंदिरात लागले नाही. आमच्या समाजातील एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले, "ही तर चर्चची खिडकी झाली. देवाच्या दाराला कशी चालेल?" मातोश्रींनी तोरण मुकाट्याने घडी करून पिशवीत ठेविले. घरी आल्यावर आमच्या आत्यास एवढेच म्हणाल्या, "पानां तीं पानांच न्हय गो?" त्यानंतर त्यांनी मंदिरासाठी रुमाल विणले, बाळकृष्णाची अंगडी-टोपडी विणली, पण कमान पुन्हा कधी विणली नाही.

आम्ही तेव्हा नऊ वर्षांचे होतो. आज वाटते, ते गृहस्थ रोज चारमिनारकडे आपल्या पेढीवर जात, म्हणजे टोकदार कमानी पाहूनच त्यांची सकाळ उजाडे. चारमिनारच्या १५९१ सालच्या कमानी आणखी कसल्या आहेत? लंडनच्या सेंट पॉलचा स्थपती ख्रिस्तोफर रेन याचे तर मत होते की गॉथिक धाटणी मुसलमानांकडूनच युरोपात गेली. आणि गोदावरीकाठच्या नरसापूरची क्रोशाची लेस एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी शिकविली. सुई चालली, टाका चालला, मग कमानीनेच काय पाप केले होते? पण हे त्या दिवशी बोलणारे कोणी नव्हते. आम्हीही पुढे मोठे होऊन कधी बोललो नाही, याची खंत आहे.

नातीस नमुना हवा होता, आणि मातोश्रींनी तो कोठेही लिहून ठेविला नव्हता. आम्ही दोघी भिंग घेऊन बसलो. एका कमानीस किती खांब, ते मोजले. पण टोक काही केल्या उलगडेना. तेव्हा सुताचा शेवट शोधू लागलो. तोरण वरच्या पट्टीपासून खाली विणीत येतात, म्हणून शेवट खालच्या कडेस असावयाचा. तो होता वरच्या पट्टीत! मातोश्रींनी गवंड्यासारखे खालून वर बांधीत नेले होते, आणि इतका वेळ आम्ही ते उलटे वाचीत होतो.

टोक पाहावयाचे तर वरच्या दोन ओळी साऱ्या लांबीभर उसवाव्या लागणार. नातीने हात मागे घेतला. "आजी, पणजीच्या हातचं आहे."

आम्ही गाठ शोधली आणि कातरीच्या टोकाने सोडविली. सूत जागोजाग पिवळे पडलेले, प्रत्येक टाक्याचे वळण धरून बसलेले. दुसरी ओळ सुटली आणि टोक उघडे पडले: सुईवर तीन वेढे घेऊन विणलेले दोन लांब खांब, एकमेकांकडे कललेले, आणि वर एकाच टाक्यात मिटविलेले. एवढेच.

पट्टी नातीने त्याच सुताने पुन्हा विणली. तिचा हात घट्ट, म्हणून तोरण वरून दोन बोटे आखडले आहे आणि मधल्या कमानी किंचित चुण्या पडून उभ्या राहतात. शालीसाठी तिने काळ्या लोकरीबरोबर पिंगट रंग घेतला नाही. आपल्याकडे पाने शिशिरात गळतात, शरदात तरवड फुलतो आणि बतुकम्माच्या राशीत जाऊन बसतो. तिने तो पिवळा घेतला. तोरण कोजागरीस आमच्या देवघराच्या दारास लाविले.