विठ्ठलवाडी ते सोपारा : एका परदेशी धर्मदूताची वाट

मुंबईहून कर्जतकडे निघालेली लोकल कल्याण सोडते आणि काही मिनिटांतच विठ्ठलवाडीच्या फलाटाला लागते. एका अंगाला कल्याण पूर्वेची दाट वस्ती, दुसऱ्या अंगाला उल्हासनगरचे कॅम्प, जवळच एस.टी.चे आगार आणि सकाळ-संध्याकाळ डबे सांभाळत धावणारी माणसे. विठुरायाचे नाव लाभलेल्या या लहानशा स्थानकात मुद्दाम उतरून पाहावे असे काय आहे, असा प्रश्न कोणालाही पडेल. परंतु ज्या समाजाचे पोट व्यापारावर आणि मन धर्मावर चालते, त्या समाजाने या परिसराकडे थोडे थांबून पाहावे, असा त्याचा पूर्वेतिहास आहे.

फाळणीनंतर सिंधमधून सर्वस्व सोडून आलेल्या कुटुंबांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीतील बराकींत आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते उल्हासनगरची कोनशिला बसली. बराकींच्या जागी पेढ्या, कारखाने आणि बाजार उभे राहिले. परक्या मुलखात येऊन पाय रोवणे म्हणजे काय, हे विठ्ठलवाडीच्या शेजारच्या प्रत्येक जुन्या दुकानदाराला कोणी शिकविण्याची गरज नाही. या भूमीला मात्र असे पाहुणे नवे नव्हते. तिला दूरदेशीच्या माणसांची सवय दोन हजार वर्षांची आहे.

विठ्ठलवाडीच्या आसमंतातून वालधुनी नदी वाहते. अंबरनाथच्या बाजूला उगम पावून, १०६० सालच्या शिलालेखाने प्रसिद्ध झालेल्या तेथील शिवमंदिरापाशी वळण घेऊन ती कल्याणकडे येते आणि उल्हास नदीच्या प्रवाहाला मिळते. आज तिच्या पाण्याकडे पाहवत नाही. तरीही तिच्या मागोमाग मनाने चालत गेले तर वाट थेट खाडीवर आणि खाडीतून समुद्रावर जाते. कल्याण, ठाणे आणि सोपारा ही या समुद्राची जुनी दारे होत.

इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक नाविकाच्या ‘पेरिप्लस’ या प्रवासपुस्तिकेत कल्याण बंदराचे नाव आहे. पूर्वी येथे रीतसर व्यापार चाले, पुढे राजसत्ता बदलल्यावर येथे येणारी ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली, असे तो नाविक नोंदवतो. कान्हेरीच्या लेण्यांत दान देणाऱ्यांच्या नावांबरोबर कल्याणचे नाव पुन्हा पुन्हा कोरलेले आढळते. येथील व्यापाऱ्यांची मिळकत अशा रीतीने भिक्षूंच्या निवाऱ्यात आणि पाण्याच्या टाक्यांत उतरली. सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या ग्रंथकाराने लिहून ठेवले की, कल्याण येथे इराणातून नेमणूक होऊन आलेला ख्रिस्ती धर्माध्यक्ष आहे. व्यापाऱ्याच्या गलबतात माल असतो, तसाच त्या गलबतात बसून धर्मही प्रवास करतो, ही गोष्ट या खाडीने फार पूर्वीच पाहिली होती.

कल्याणहून खाडीच्या काठाकाठाने ठाण्याला यावे. ठाण्याचे नाव निघताच जैन कुटुंबांतील थोरामोठ्यांना श्रीपाल राजाची कथा आठवते. आयंबिलच्या ओळीत घरोघरी ऐकली जाणारी ती कथा सांगते की, धवल शेठने कपटाने समुद्रात लोटलेला श्रीपाल नवपदाच्या स्मरणाने तरला आणि कोकणच्या किनाऱ्यावर ठाण्याला लागला. टेंभी नाक्यावरील श्रीमुनिसुव्रतस्वामींचे मंदिर ‘कोकण शत्रुंजय’ म्हणून ओळखले जाते आणि त्या कथेची आठवण तेथे आजही जागती आहे. समुद्राने आणून टाकलेल्या परक्या माणसाला ठाण्याने जवळ केले, हा त्या कथेचा गाभा आहे.

इतिहासात असाच एक परका १३२१ साली ठाण्याच्या किनाऱ्यावर आला. त्याचे नाव जॉर्डानस. दक्षिण फ्रान्समधील सेव्हराक गावचा, डॉमिनिकन संघाचा हा साधू. इराणच्या आखातातील होर्मुझ बंदरातून तो निघाला तेव्हा त्याच्याबरोबर फ्रान्सिस्कन संघाचे चौघे होते : टोलेंटिनोचा थॉमस, पाडुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा डिमेट्रियस. त्यांना जायचे होते केरळातील कोल्लमला. वाऱ्याने मात्र त्यांना ठाण्याला आणून सोडले.

ज्या जहाजांतून ही मंडळी आली, त्या प्रकारच्या जहाजांचे वर्णन जॉर्डानसने पुढे आपल्या पुस्तकात केले आहे. त्यांत लोखंडी खिळा नसे. फळ्या दोराने शिवलेल्या असत आणि आत येणारे पाणी माणसांना सतत उपसावे लागे. अशा जहाजातून उतरलेल्या पाच जणांना ठाण्यात आसरा दिला तो एका नेस्टोरियन ख्रिस्ती कुटुंबाने. त्या पंथाची अवघी पंधरा घरे तेव्हा ठाण्यात होती, असे ओडोरिक या इटालियन प्रवाशाने नोंदविले आहे. वेगळा संघ, वेगळी भाषा, पण दार उघडले गेले.

परदेशातील धर्मदूताच्या दिनक्रमात साहसापेक्षा अडचणीच अधिक असतात. भाषा येत नाही, अन्न निराळे, हवा निराळी, ओळखीचे कोणी नाही. जॉर्डानसला फारसी येत होती आणि बंदरांतील व्यापारी मंडळींत ती चालत असे. म्हणून सोपारा आणि भडोचकडील ख्रिस्ती वस्त्यांची विचारपूस करण्यासाठी सोबत्यांनी त्यालाच पुढे पाठविले. तो ठाण्याबाहेर पडला आणि त्याच्यामागे अनर्थ घडला.

ओडोरिकच्या लिखाणानुसार निमित्त अगदी घरगुती होते. ज्या घरी हे पाहुणे उतरले होते, तेथील पती-पत्नींत भांडण झाले आणि नवऱ्याने बायकोवर हात टाकला. तिने काजीकडे फिर्याद नेली आणि घरात राहणारे परदेशी साधू साक्ष देतील, असे सांगितले. साधूंना बोलावण्यात आले. सामान राखण्यासाठी पीटर घरीच थांबला. तेथे मारहाणीची चौकशी बाजूला राहिली आणि धर्मावर वाद सुरू झाला. कोणाचा धर्म खरा, या प्रश्नावर शब्दाला शब्द लागला आणि त्याचा शेवट रक्तपातात झाला. एप्रिल १३२१ मध्ये प्रथम तिघे आणि दोन दिवसांनी पीटर असे चौघेही मारले गेले. पुढे दिल्लीच्या बादशहाने या कृत्याबद्दल ठाण्याच्या अधिकाऱ्याला शासन केले, असेही ओडोरिक सांगतो. ज्या स्त्रीने न्याय मागितला होता, तिचे पुढे काय झाले याचा उल्लेख मात्र कोणीच केलेला नाही. धर्माच्या मोठ्या वादात घरातले दुःख कसे विसरले जाते, याचे याहून करुण उदाहरण क्वचितच सापडेल.

बातमी कळताच जॉर्डानस परतला. एका तरुण जिनोआवासीयाच्या साहाय्याने त्याने सोबत्यांचे देह सोपाऱ्याला नेऊन पुरले. जिनोआ हे व्यापाऱ्यांचे शहर. संकटाच्या वेळी परमुलखात मदतीला आला तो असा एक परदेशी तरुण.

हे सोपारा म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्यातील नालासोपारा. जैन परंपरेत त्याचे स्थान मोठे आहे. आर्य वज्रसेनसूरी सोपारकात आले, तेव्हा भीषण दुष्काळ होता. जिनदत्त श्रेष्ठी आणि त्यांच्या पत्नी ईश्वरी यांच्या घरी लक्ष मोलाचा भात शिजला होता आणि त्यात विष कालवून सर्वांनी प्राण सोडावा, असा विचार चालला होता. आचार्यांनी धीर दिला, धान्याची जहाजे आली आणि कुटुंब वाचले. नागेंद्र, चंद्र, निवृत्ती आणि विद्याधर या चारही पुत्रांनी पुढे दीक्षा घेतली, असे परंपरा सांगते. ज्या बंदरात धान्याच्या जहाजांनी एक व्यापारी कुटुंब वाचविले, त्याच बंदरात शतकांनंतर एका परदेशी साधूने आपल्या चार सोबत्यांना मूठमाती दिली.

त्यानंतर जॉर्डानस जवळजवळ अडीच वर्षे एकटा राहिला. ऑक्टोबर १३२१ मध्ये त्याने घोघ्याहून आणि जानेवारी १३२४ मध्ये ठाण्याहून आपल्या संघबंधूंना पत्रे लिहिली. दुसऱ्या पत्रात वेदना लपविलेली नाही. चाचे लोकांनी पकडले, कैदेत राहावे लागले, आरोप आणि शिव्याशाप ऐकावे लागले, डोके, छाती आणि पोटाच्या दुखण्यांनी छळले, भूक, तहान आणि उन्हाळा सोसला, संघाचा झगाही उरला नाही म्हणून साध्या सदऱ्यावर दिवस काढले. हे सारे तो सांगतो आणि मग आणखी साधू पाठवा, अशी विनंती करतो. परत बोलवा, असे मात्र तो लिहीत नाही.

दुःखाने माणसाची दृष्टी आटते. जॉर्डानसची आटली नाही, हे त्याचे विशेष. ‘मिराबिलिया’ या त्याच्या लॅटिन पुस्तकात या भूमीचे कौतुक जागोजागी आहे. एक फणस पाच माणसांना पुरतो, आंबा किती गोड लागतो, नारळापासून तेल, दोर आणि खाद्य कसे मिळते, पावसाचे महिने सरले की आभाळ कसे कोरडे राहते, वटवाघळे केवढी मोठी असतात, हे तो मुलाच्या कुतूहलाने टिपतो. पारशी लोकांची अग्निपूजा आणि अंत्यविधी त्याने पाहिले. येथील लोक गोवंशाचा किती मान राखतात, हे पाहिले. लोकांच्या आहारातील स्वच्छता, बोलण्यातील सचोटी आणि न्यायाची चाड यांची त्याने मोकळ्या मनाने प्रशंसा केली. येथील मूर्तिपूजक लोकांमध्ये आपला धर्म निर्धास्तपणे सांगता येतो, ते अडवत नाहीत, असेही त्याने लिहून ठेवले. ज्या ठाण्यात त्याचे सोबती गेले, त्याच प्रदेशाविषयी हे शब्द लिहिणे सोपे नव्हते. अनेकांतवाद हा शब्द त्याला ठाऊक नव्हता. एका घटनेवरून संपूर्ण समाजाला दोषी ठरवायचे नाही, एवढी समज मात्र त्याच्या लेखणीने राखली.

पुढे ओडोरिक ठाण्याला आला. त्याने त्या चौघांच्या अस्थी उचलून चीनपर्यंत नेल्या. १३२९ मध्ये पोप जॉन बाविसावे यांनी जॉर्डानसची कोल्लमचा धर्माध्यक्ष म्हणून नियुक्ती केली. जेथे वाऱ्याने त्याला जाऊ दिले नव्हते, त्याच गावी.

जो प्रवास जॉर्डानसने पश्चिमेकडून पूर्वेकडे केला, तो उलट दिशेने जैन समाजाच्या एका तरुणाने केला. १८९३ मध्ये शिकागो येथे भरणाऱ्या सर्वधर्मपरिषदेचे निमंत्रण आचार्य विजयानंदसूरी उर्फ आत्मारामजी महाराज यांना आले. साधूचा विहार पायी. जहाजात बसणे त्याच्या व्रतात बसत नाही. तेव्हा आचार्यांनी महुव्याचे, मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकलेले वीरचंद राघवजी गांधी यांची तयारी करून घेऊन त्यांना पाठविले. वय अवघे २९. ११ सप्टेंबर १८९३ रोजी परिषद सुरू झाली. ती संपल्यावरही काठियावाडी पगडीतील हे श्रावक अमेरिकेतील शहराशहरांत व्याख्याने देत राहिले, आहाराचे नियम सांभाळत राहिले. समुद्र ओलांडला म्हणून स्वकीयांपैकी काहींनी त्यांना जातीबाहेर टाकण्याची भाषा केली. आचार्य त्यांच्या पाठीशी उभे राहिले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी अमेरिकेतून हिंदुस्थानाकडे धान्याचे जहाज धाडण्यासाठी खटपट केली. १९०१ मध्ये, वयाच्या ३६ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. सोपाऱ्याच्या जिनदत्त श्रेष्ठींच्या कथेतील धान्याची जहाजे येथे पुन्हा आठवल्याशिवाय राहत नाहीत.

दोघांचे धर्म वेगळे, काळ वेगळा. जॉर्डानस माणसांना आपल्या धर्मात आणण्यासाठी आला होता. वीरचंदभाई आपला धर्म समजावून सांगण्यासाठी गेले होते. हा भेद लहान नाही. तरीही दोघांनाही परमुलखात टिकवून धरले ते एकाच गोष्टीने : कोणीतरी उघडलेल्या दाराने, आणि त्या दारातून आत गेल्यावर स्वतः राखलेल्या आचरणाने.

आज कल्याण-ठाण्याच्या पेढ्यांवरील अनेक कुटुंबांची मुले-मुली अँटवर्पला, दुबईला, न्यू जर्सीला आहेत. साधू-साध्वींचा पायी विहार तेथवर पोहोचत नाही. तेथे जैन धर्म कसा असतो, हे शेजाऱ्याला कळते ते त्या मुलांच्या ताटावरून, वजनकाट्यावरून आणि रागाच्या क्षणी उच्चारलेल्या शब्दावरून. व्याख्यानाला माणसे एकदाच येतात. आचरण मात्र शेजारी रोज पाहत असतो.

संध्याकाळी विठ्ठलवाडीच्या फलाटावर गर्दी ओसरते. पलीकडच्या बाजारातले दिवे लागतात. वालधुनी अंधारात खाडीकडे सरकत राहते. या पाण्याने किती गलबते, किती माल आणि किती धर्म येताना-जाताना पाहिले. त्यांतील कोणाचे म्हणणे टिकले, हे पाण्याला ठाऊक नाही. मात्र परक्याला दार उघडणारे घर आणि परक्याच्या घरी सचोटीने राहणारा पाहुणा, या दोघांची आठवण सातशे वर्षांनंतरही काढली जाते.