पहिली चूक

स्क्रीनवरची शेवटची ओळ होती, एरर २. लॅपटॉपचा पंखा मंदावला आणि खोली एकदम गप्प झाली. नेवाशातली मे महिन्यातली दुपार, दीड तास चाललेलं लिनक्स कर्नलचं कंपाइल, आणि हाती काय, तर दोनचा आकडा. मी त्या दोनचाच अर्थ शोधत बसलो. पुतण्या इंजिनिअरिंगला आहे. तो मागे येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "काका, खालची ओळ सोडा. वर जा."

लिनक्सचा कर्नल म्हणजे यंत्र आणि आपले प्रोग्रॅम यांच्यामधला कारभारी. लिनस टोरव्हाल्ड्सनं १९९१ मध्ये हेलसिंकीत शिकत असताना तो लिहायला घेतला. त्याचा सोर्स कुणालाही उतरवून घेता येतो, हवा तसा बदलून बांधता येतो. बांधणीचं काम मेक करतो. तो एका फोल्डरमध्ये दुसरा मेक पाठवतो, दुसरा तिसरा. सगळ्यात आतला अडला की बाहेरचे एकामागून एक हात वर करतात. एरर २ चा निरोप एवढाच, की आत पाठवलेला काम न करता परतला. त्यात मी आठ कामं एकदम लावली होती, त्यामुळे खरी ओळ बाकीच्यांच्या ओळींखाली गाडली गेली होती. नुसतं मेक दिलं, एकेक काम चालू दिलं, तेव्हा ती समोर येऊन थांबली. सर्टिफिकेटची एक फाइल हवी आहे, आणि ती बनवायचा नियम नाही.

ही फाइल मी कधी पाहिलीच नव्हती. चालू कर्नलची कॉन्फिग, म्हणजे काय काय बांधायचं याची यादी, मी जशीच्या तशी उचलून आणली होती, आणि ज्यांनी ती लिहिली त्यांच्या घरातल्या सर्टिफिकेटचा पत्ता तिच्यात राहिला होता. पत्ता पुसला, अवतरणचिन्हं तेवढी ठेवली. रात्री कंपाइल एकही चूक न दाखवता संपलं. मशीन पुन्हा सुरू केलं, तर कर्नल पॅनिक. रूट फाइलसिस्टीम सापडत नाही.

सकाळी गावातल्या पैसाच्या खांबाकडे गेलो. या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरी सांगितली, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. शके १२१२, म्हणजे १२९०. पुढे जवळजवळ तीनशे वर्षं नकलेवरून नक्कल होत गेली आणि नकलणाऱ्यांचे हात तिच्यात शिरले. शके १५०६ मध्ये पैठणच्या एकनाथांनी पाठ पडताळून शुद्ध प्रत सिद्ध केली, आणि यात कुणी आपली ओवी घालू नये, अशी ताकीदही देऊन ठेवली. केवढं ते काम! चुकीचा शब्द डोळ्यांसमोरच्या पोथीत दिसतो, पण लिहिला गेलेला असतो कितीतरी पोथ्यांमागे, कुणा नाव नसलेल्याच्या हातून. त्यानं वाचून लिहिलं की नुसतं उतरवलं, हाच माझ्या मनात घोळत राहिलेला प्रश्न.

मी नुसतं उतरवलं होतं. घरी येऊन जुना कर्नल निवडून मशीन उघडलं आणि कॉन्फिग बदलायच्या मेन्यूकॉन्फिगमध्ये एएचसीआय, म्हणजे हार्डडिस्कशी बोलणारा ड्रायव्हर, शोधून काढला. कंसात एम होता. एम म्हणजे मॉड्यूल, आणि मॉड्यूल राहतं हार्डडिस्कवरच. कुलपाची किल्ली कुलूपबंद खोलीत! मूळ कॉन्फिगवाले सुरुवातीला मेमरीत उतरणारं इनिटरामएफएस बनवतात आणि किल्ली त्यात ठेवतात, म्हणून त्यांचं एमवर भागतं. मी ते बनवलंच नव्हतं. वाय दाबलं, एमच्या जागी चांदणी आली.

कर्नल पुन्हा बांधला, आणि या वेळी मशीन त्यावर सुरू झालं. संध्याकाळी पुतण्यानं पडद्यावर कर्नलचं नाव विचारणारा आदेश दिला. उत्तरात आधी ६.६ आलं आणि त्याला जोडून रोमन अक्षरांत नेवासा. त्या हजारो ओळींच्या कॉन्फिगमध्ये तेवढा एक शब्द मी स्वतः लिहिला होता.