उभ्या जहाजाचा धूर

भिलाईच्या सेक्टर १० मधल्या क्वार्टरमध्ये पंचवीस वर्षं संसार केलेल्या बाईला धुराची ओळख कुणी करून द्यायला नको. वारा कारखान्याकडून आला की दोरीवरचे कपडे आत आणायचे, कुरडया पातळ धोतराने झाकायच्या. यजमान प्लेट मिलमध्ये. इथल्या जाड पत्र्यांची जहाजं होतात, याचा घरात केवढा अभिमान! २०२२ मध्ये नौदलात आलेल्या ‘विक्रांत’मध्येही भिलाईचं पोलाद आहे.

पण जहाजालाही धुराडं असतं, हे तिच्या लक्षात आलं ते उरणला मुलाकडे गेल्यावर. मुलगा न्हावा शेवा बंदरात नोकरीला. चार महिन्यांच्या नातीची दुपटी गॅलरीत वाळत घालताना तिने सवयीने कठड्यावरून बोट फिरवलं. काळं!

“अरे, इथे कुठे कारखाना आहे?”

“ट्रेलरचा धूर आहे, आई. आणि धक्क्यावरच्या जहाजांचाही.”

“जहाज उभं आहे ना? मग इंजिन कशाला चालू?”

अगदी मर्मावर बोट ठेवणारा प्रश्न! धक्क्याला लागल्यावर जहाजाचं मुख्य इंजिन बंद होतं. पण दिवे, पंप, थंड ठेवायचे कंटेनर यांना वीज लागते. त्यासाठी लहान इंजिनं रात्रंदिवस चालतात. १ जानेवारी २०२० पासून जहाजाच्या तेलातल्या गंधकाची जागतिक मर्यादा साडेतीन टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आली. सुधारणा मोठीच. तरी त्याच वर्षी एप्रिलपासून आपल्या गाड्यांना मिळणाऱ्या डिझेलच्या मर्यादेपेक्षा ती पाचशे पट जास्त! हे गंधक जळून वायू होतो, त्याचे हवेत सूक्ष्म कण बनतात आणि ते थेट फुप्फुसात उतरतात. लहान मुलं नि दमेकरी यांना त्याचा त्रास आधी होतो.

उपाय आहे. किनाऱ्यावरून जहाजाला वीज द्यायची नि इंजिन बंद करायचं. लॉस एंजेलिसच्या एका कंटेनर धक्क्यावर हे २००४ मध्येच सुरू झालं. युरोपातल्या मोठ्या बंदरांत कंटेनर आणि प्रवासी जहाजांना ते २०३० पासून सक्तीचं होणार आहे. आपल्याकडे सुरुवात टगसारख्या लहान बोटींपासून झाली.

“पण ती वीज कोळशाचीच ना?” सासूबाईंची ही शंका सुनेलाही पटली. खरंच, मग धूर औष्णिक केंद्राकडे सरकला, एवढंच. मात्र तिथलं धुराडं उंच असतं, एका जागी असतं. जाब कुणाला विचारायचा ते ठाऊक असतं. हे जहाज एक-दोन दिवसांत निघून जातं. त्याच्या जागी दुसरं लागतं, दुसऱ्याच देशाचा झेंडा लावून.