रवा सांडलेला मासा

सोमवारी सकाळी ११ वाजता, ऐन स्टेटस मीटिंगमध्ये, मंठ्याहून अण्णांचा फोन. अण्णा आपणहून फोन करत नाहीत. आई गेल्यापासून तर आमचं बोलणं म्हणजे ‘जेवलास का?’ ‘हो, तुम्ही?’ एवढंच. धसकून बाहेर पळालो.

‘अरे, त्या लाल माशाच्या अंगावर रवा सांडल्यावाणी दिसायलंय. सारखं दगडाला अंग घासायलाय.’

दिवाळीत मीच त्यांना ४० लिटरचा टँक नेऊन दिला होता. पुण्याहून रात्रभर ट्रॅव्हल्समध्ये माशांची पिशवी मांडीवर! मुद्दाम मॉली आणि प्लॅटी नेल्या, कारण बोअरच्या जड पाण्यात त्या मजेत राहतात. रिटायर्ड माणसाला विरंगुळा, हे सांगायचं कारण. खरं म्हणजे फोनवर बोलायला काहीतरी विषय हवा होता.

रवा म्हणजे ‘इक’, व्हाइट स्पॉट. घरच्या टँकमधलं सर्वांत कॉमन दुखणं. हळदीची पूड भुरभुरल्यासारखं दिसलं तर वेगळा परजीवी, कापसाचे पुंजके चिकटल्यासारखे दिसले तर बुरशी. आणि खवले सीताफळासारखे उभे राहिले, तर आतले अवयवच गेलेले असतात. तिथे औषध सहसा चालत नाही.

इकला औषध आहे, पण तो डांबरट आहे. ठिपका दिसतो तेव्हा जंतू माशाच्या कातडीखाली असतो, तिथे औषध पोचत नाही. पोट भरलं की तो तळाशी पडतो, स्वतःभोवती कवच करतो आणि एकाचे शेकडो होऊन बाहेर येतात. नवीन मासा शोधत पोहणारी ही पिल्लं, तेवढीच औषधाने मरतात. माझ्या पहिल्या टँकच्या वेळी तिसऱ्या दिवशी ठिपके गेले, मी खुशीत औषध थांबवलं. आठवड्याने अख्खा टँक रिकामा.

म्हणून अण्णांना बजावलं, मासा स्वच्छ दिसला तरी पुढे आठवडाभर डोस चालू. फिल्टरमधला कोळसा काढा, तो औषध शोषून घेतो. खडेमीठ लिटरमागे २ ग्रॅम, म्हणजे ८० ग्रॅम, तेही विरघळवून, दोन दिवसांत विभागून. दिवसाआड नळीने तळ ओढून पाव टँक पाणी बदला. नळाचं नको, त्यात ब्लीचिंग असतं, बोअरचंच घ्या. आणि पाणी हळूहळू २८ डिग्रीपर्यंत न्या. गरम पाण्यात जंतूचं चक्र लवकर फिरतं, औषधाच्या तावडीत लवकर सापडतो. पंप मात्र जोरात ठेवा, गरम पाण्यात ऑक्सिजन कमी राहतो.

‘आंघोळीच्या पाण्याचा रॉड टाकू का?’

‘अण्णा, रस्सा करायचा नाहीये आपल्याला!’

ते हसले. किती दिवसांनी ऐकलं!

छोटा हीटर जालन्याहून मागवला. पण जानेवारीतली थंडी, त्यात रात्री लाइट गेली. पहाटे व्हॉट्सअॅपवर फोटो: टँकला आईची गोधडी गुंडाळलेली, वर टॉवेल. तिच्या जुन्या लुगड्यांची ती गोधडी गेली दोन वर्षं ट्रंकेतून बाहेर आली नव्हती. मी त्यावर काहीच लिहिलं नाही. ‘तापमान?’ एवढंच विचारलं. ‘२४’, लगेच उत्तर.

दोन मॉली गेल्या. लाल प्लॅटी वाचली. अण्णांनी जुन्या डायरीत तक्ता आखलाय: तारीख, तापमान, मीठ, थेंब. आता रोज सकाळी फोन येतो, मीटिंग असो नसो. आमचा मॅनेजरसुद्धा विचारतो, ‘आज फिशचं काय?’

काल बाराव्या दिवशी विचारलं, ‘डोस चुकला नाही ना एकही?’

‘छे रे! घड्याळ लावून देतो.’

‘आणि तुमची बीपीची गोळी?’

पलीकडून बराच वेळ नुसता पंपाचा बुडबुड आवाज.