घोडनदीच्या काठी

नारायणगाव म्हटलं की तुम्हाला टोमॅटोचा बाजार आठवेल, नाहीतर पाडव्याच्या सुमारास लागणाऱ्या तमाशाच्या राहुट्या. आज मात्र मी तुम्हाला इथून शिरूरला नेणार आहे. आमच्या मीना नदीचं पाणी शेवटी घोडनदीलाच जातं, आणि शिरूर त्याच घोडनदीच्या काठचं.

मावसबहिणीकडे आहेर पोचवायचा, हे निमित्त. मनात होतं ते १९९४ साल. शिरूरला तेव्हा मतिमंद (त्या वेळी हाच शब्द होता) मुलींचं सरकारी वसतिगृह होतं. त्या फेब्रुवारीत तिथल्या अकरा जणींना पुण्याला ससून रुग्णालयात नेऊन त्यांची गर्भाशयं काढली. आपल्या बोलीत, पिशवी काढली. कारण काय, तर त्यांना पाळीत स्वच्छता राखता येत नाही! महिला संघटनांनी आवाज उठवला, तेव्हा कुठे मुख्यमंत्री शरद पवारांनी पुढच्या शस्त्रक्रिया थांबवल्या.

बहीण म्हणाली, "अगं ताई, पण त्यांचं करणार कोण? सोपं का आहे?"

सोपं नाहीच. आमच्या आळीत अशी एक मुलगी होती. दर महिन्याला तिची आई तिचं सगळं करायची आणि माझ्यापाशी येऊन रडायची. पण बाई चिवट. भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल खुणा करून, जुन्या लुगड्याच्या घड्या हातात देऊन शिकवत राहिली. दीड वर्ष लागलं. मला तर वाटतं, शिरूरला आधी आया वाढवायला हव्या होत्या.

जर्मनीत ग्राफेनेक इथे १९४० साली नाझींनी मनोरुग्ण नि मतिमंद अशी दहा हजारांवर माणसं गॅसने मारली. आज तिथे स्मारक आहे. ज्यांची नावं सापडली नाहीत, त्यांच्यासाठी बागेत नुसती मुळाक्षरं कोरलेले दगड बसवलेत. शिरूरला तसली एखादी पाटी दिसते का, म्हणून मी फिरले. मला दिसली नाही. २०१६च्या कायद्याने आता स्वतःच्या संमतीवाचून अशी शस्त्रक्रिया करता येत नाही, एवढं झालं.

परतल्यावर आळीतल्या त्या मुलीकडे डोकावले. चाळिशी उलटली तिची, आई मागेच गेली. अंगणात दोरीवर घड्या वाळत होत्या, उन्हात, एकेकीला नीट चिमटा लावून.